करकर

"अरे, इथे कचरा कसा नाही?" लाकडी पूल उतरताच आमच्यातले एक काका जोरात म्हणाले. मराठीत म्हणाले, तेवढं बरं.

सेनेगलमधलं फादियूत. पायाखाली माती जवळजवळ नाहीच, नुसते शिंपले. पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचं बेट. गावात मोटारी नाहीत, त्यामुळे आपलंच पाऊल करकर वाजतं. मी तर चक्क चवड्यांवर चालायला लागले. एक आजी दार झाडता झाडता थांबली आणि माझ्याकडे बघून खुदकन हसली.

दुसऱ्या पुलापलीकडे दफनभूमी. ख्रिश्चन आणि मुसलमान एकाच टेकाडावर, त्याच पांढऱ्या शिंपल्यांखाली. तिथे काका गप्प. फोटो मात्र भरपूर काढले.

त्यांचा तो 'कसा' अजून टोचतोय. मनात तर माझ्याही तेच आलं होतं.

घरून निघताना आपण नक्की काय बघायची तयारी करून निघतो?