तापोळ्याच्या चढावर सापडलेला चोर

मागच्या तीन नोंदींमध्ये माझ्या सायकलच्या ज्या गिअरच्या तक्रारीने मी सर्वांना कंटाळा आणला होता, तिचे मूळ परवा तापोळा ते महाबळेश्वर या चढावर सापडले. दरम्यान नवी चेन, गिअरची नवी आतली केबल आणि हँगर (मागचे गिअर यंत्र जिथे बसते तो फ्रेमचा कान) सरळ करण्याची मजुरी असा खर्च होऊन गेला आहे, आणि त्यातले काहीही आवश्यक नव्हते.

तक्रार तीच होती. पुढे 22 दातांचे, मागे 30 दातांचे स्प्रॉकेट (दातेरी चक्र), सायकलवर पूर्ण सामान आणि समोर चढ असला की चेन न विचारता शेजारच्या मोठ्या, 34 दातांच्या स्प्रॉकेटकडे धाव घेई, क्षणभर खडखडे आणि पुन्हा 30 वर येऊन बसे. दुरुस्तीच्या स्टँडवर टांगली की मात्र तीच सायकल शहाण्या मुलासारखी वागत असे. ज्या दुकानात दाखवली तेथे प्रत्येक वेळी स्टँडवर चार फेरे मारून "काही नाही, चेन ताणली आहे" असे सांगण्यात आले. लादलेली सायकल चालवून पाहिल्याशिवाय लादलेल्या सायकलीचे दुखणे कळत नाही, हे माझे मत आता अधिकच पक्के झाले आहे.

पहाटे साडेपाचला साताऱ्यातून निघालो. यवतेश्वरचा घाट आणि पुढे पेट्रीवरून कास हा पहिला टप्पा ठीक गेला. चेनने दोनदाच दगा दिला. साताऱ्यापासून कासच्या पठारापर्यंत जवळपास पाचशे मीटर उंची मिळवावी आणि ती सगळी बामणोलीच्या उतारावर उधळून टाकावी, हा या मार्गाचा स्वभावच आहे. बामणोलीला लाँचवाल्यांनी सायकल घेण्यास थोडी कुरकुर केली, पण पॅनिअर (चाकाशेजारच्या सामानाच्या पिशव्या) काढून ती आडवी ठेवल्यावर घेतली. तापोळ्याला उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि ऊन चांगलेच तापले होते.

येथून खरा हिशोब सुरू होतो. शिवसागराची, म्हणजे कोयना जलाशयाची, भरलेली पातळी सुमारे 659 मीटर आणि महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर, म्हणजे सकाळी मिळवून उधळलेल्या उंचीपेक्षाही जास्त उंची आता पुन्हा मिळवायची होती. पहिल्या तासाभरात चेन इतक्या वेळा उडाली की मी मोजणे सोडून दिले. केबलचा ताण बदलणारा स्क्रू, म्हणजे बॅरल अ‍ॅडजस्टर, अर्धा फेरा सैल केला तर शेजारच्या लहान, 26 च्या स्प्रॉकेटवर घसरगुंडी, घट्ट केला तर 34 कडे ओढ. शेवटी कायम 34 वरच पाय फिरवत राहिलो. वेग इतका कमी झाला की तोल सांभाळण्यासाठी हँडल सतत डावीउजवीकडे हलवावे लागत होते. हीच खूण होती, पण ती तेव्हा ध्यानात आली नाही.

एका वळणावर भाकरी काढण्यासाठी हँडलबार बॅग सोडवली आणि सायकल थोडी पुढे, सावलीत नेण्यासाठी बसून चालवली, तर चढ तोच असूनही 30 वर चेन अजिबात हलली नाही. बॅग पुन्हा लावली, खडखडाट परत आला. पुन्हा काढली, शांतता. भाकरी तशीच राहिली.

मग नीट पाहिले. हँडलवरच्या उजव्या शिफ्टरपासून (गिअर बदलण्याच्या कळीपासून) निघणारे आउटर, म्हणजे केबलचे बाहेरचे आवरण, बॅगेच्या पुढून वळसा घेऊन फ्रेमकडे येते. हँडल डावीकडे वळले की हा वळसा अपुरा पडतो आणि त्याच्या टोकाचे टोपण, म्हणजे फेरूल, शिफ्टरच्या खाचेतून किंचित बाहेर ओढले जाते. आतली केबल तेवढीच ताणली जाते. माझ्यासारख्या मागे नऊ स्प्रॉकेट असलेल्या सायकलीत एका गिअरसाठी केबल अडीच मिलिमीटरच्या आसपासच सरकते, तेव्हा दीड मिलिमीटरची ओढसुद्धा चेनला शेजारी ढकलण्यास पुरेशी ठरते. सपाटीवर हँडल फारसे हलत नाही, स्टँडवर बॅग नसते. म्हणून चोर फक्त चढावरच बाहेर पडत होता. आउटर आखूड का होते, याचे उत्तर देताना संकोच वाटतो, कारण गेल्या वर्षी ते पक्कडीने मीच कापले होते. चांगल्या केबल कटरचे पैसे वाचवू नयेत.

मी रस्त्यात बसून बॅगेशी झटत असताना एक आजोबा थांबले. "पाव्हणं, गाडी बिघडली काय?" त्यांच्या डोक्यावर कुडासाठी काढलेल्या करवीच्या काठ्यांचा भारा होता. त्यातली अंगठ्याएवढी एक काठी मागून घेतली, तिचे वीतभर दोन तुकडे केले, आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने बॅगेचा हुक व हँडल यांच्यामध्ये बांधले. बॅग दोन बोटे पुढे आणि खाली गेली, आउटर तिच्या मागून मोकळे झाले. उरलेल्या चढात चेन एकदाही उडाली नाही. पायांत काही उरले नव्हते, तरीही 30 वर स्थिर फिरणाऱ्या पेडलांचे सुख मी वळणावळणाला चाखत गेलो.

महाबळेश्वरला चहा, केळघर घाटाचा उतार, मेढ्यापासून अंधार आणि दिव्याच्या भरवशावर सातारा. पोहोचलो तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते.

आउटर चार-पाच सेंटिमीटर लांब कापून घ्यायचे, हे ठरलेलेच होते. हे लिहिता लिहिता मात्र दुसरी कल्पना सुचली. व्ही-ब्रेक या प्रकारच्या ब्रेकमध्ये केबल वळवणारी वाकडी धातूची नळी शिफ्टरच्या तोंडाशी लावली, तर आउटर बॅगेसमोर येण्याआधीच खाली वळेल. गिअरचे आउटर 4 मिलिमीटरचे आणि नळीचे तोंड ब्रेकच्या 5 मिलिमीटरच्या मापाचे असल्याने मध्ये पायरीचे (दोन मापे जोडणारे) फेरूल लागेल; जुन्या डब्यात ते असावे. म्हणून रविवारची कुंभार्ली घाटाची फेरी पुढे ढकलतो आणि त्याऐवजी नळी बसवून, बॅगेत तेच चार किलो सामान भरून, यवतेश्वर तीनदा चढतो. तोपर्यंत करवीच्या काठ्या जागच्या हलवणार नाही.