आंबोली उतरून वेंगुर्ल्याला: माल दुसरीकडे वळल्यानंतरचं बंदर

बेळगावचं बंदर कुठलं, असं आज कुणाला विचारलं तर माणूस बुचकळ्यात पडेल. एकोणिसाव्या शतकात मात्र याचं उत्तर बेळगावच्या कुठल्याही अडत्याने चटकन दिलं असतं: वेंगुर्लं. धारवाड-बेळगावकडचा कापूस घाटावरून खाली उतरायचा तो इथे, आणि बेळगावच्या छावणीसाठी आलेले गोरे सैनिक बोटीतून पाय ठेवायचे तेही इथे. मधली वाट आधी रामघाटाची, मग इंग्रजांनी बांधून काढलेल्या आंबोली घाटाची. त्या वाटेने एकदा शेवटपर्यंत जायचं मनात होतं. गोव्याकडून सुखाचा रस्ता असताना मी बेळगावहून आंबोलीमार्गे जाणारी एसटी धरली ती त्यासाठी.

शिनोळी आली की चंदगड तालुका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, रताळी आणि आता काजूच्या बागाही. नांगरतास गेलं, आंबोली आली, आणि वळणं सुरू झाली. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. त्यातली बहुतेक उंची गाडी दाणोलीपर्यंतच्या थोडक्या अंतरात उतरते. खिडकीतून खाली बघताना माझ्या मनात बैलगाड्या येत होत्या. कापसाच्या गाठी लादलेली गाडी या उतारावर सावरून धरायची, आणि परतीला मीठ, नारळ नि सुकी मासळी भरून तोच चढ चढायचा. पक्का रस्ता झाल्यावरही हे काम बैलांचंच होतं.

सावंतवाडीला गाडी बदलली. मळगाव, तळवडे, होडावडे, तुळस अशी गावं मागे पडत गेली. जांभ्याचे गडगे, माडांच्या मुळाशी पसरलेली वाळकी झावळं, आणि उन्हात घातलेली आमसोलं. बेळगावपासून साधारण १२० किलोमीटर होतात.

वेंगुर्ल्यात उतरल्यावर पहिल्यांदा बाजारात जावं. इथल्या जुन्या मंडईला लोक क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. मुंबईचं मार्केट मनात धरून गेलात तर ही लहान वाटेल, पण हिच्यात कोकणातली ऋतूंची नोंद होत असते. मी गेले तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता. ओले काजूगर पानावर मांडलेले, करवंदांना अजून वेळ होता, फणसाच्या कुयऱ्या मात्र आल्या होत्या. मासळीकडे बांगडे, सौंदाळे, तारली, आणि एका टोपलीत फक्त खेकडे. विकणाऱ्या सगळ्या बायका. भाव सांगण्याची त्यांची एक लय आहे. घासाघीस करायला लागलं की त्या रागावत नाहीत, सरळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

तिथून वखार.

वेंगुर्ल्याला येणारी बहुतेक मंडळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर जातात, मालवणी जेवतात आणि पुढे निघतात. डच वखारीकडे फार थोडे वळतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. जांभ्या दगडाच्या या भिंतींना छप्पर उरलेलं नाही, वडा-पिंपळाची मुळं दगडांत शिरली आहेत, आत झाडोरा माजलेला. तरीही खिडक्यांच्या कमानी नि भिंतींची जाडी बघून इमारतीचा जुना रुबाब कळतो. १६३७ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवली आणि इथे ठाण मांडलं. कारण व्यापाराचं होतं, पण त्याहून जास्त लढाईचं. डचांना गोव्यातल्या पोर्तुगीजांची कोंडी करायची होती. मांडवी नदीच्या मुखापाशी महिनोन् महिने गलबतं उभी ठेवायची तर त्यांवरच्या माणसांना ताजं पाणी, तांदूळ, मांस लागणार. ते पुरवणारं जवळचं ठिकाण वेंगुर्लं. सतराव्या शतकात इकडे आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने इथलं पाणी नि तांदूळ उत्तम असल्याचं लिहून ठेवलंय आणि इथल्या वेलचीच्या व्यापाराचीही दखल घेतली आहे.

म्हणजे जावा-सुमात्रापर्यंत पसरलेल्या एका कंपनीची गोव्यासमोरची आरमारी मोहीम इथल्या विहिरींच्या पाण्यावर आणि आसपासच्या शेतकऱ्याच्या भातावर चालली होती. वखारीत उभं राहून हे आठवलं की या पडक्या भिंतींकडे बघण्याची नजर बदलते. डचांच्या नोंदवह्या जपल्या गेल्या. भात कांडणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या माणसांची नावं कुणी लिहिली नाहीत. कोंडीचं राजकारण संपलं तसं डचांना या जागेचं अगत्य राहिलं नाही, आणि सतरावं शतक सरेपर्यंत त्यांचा इथला कारभार आटोपला. ही इमारत आता तरी सावरायला हवी. मुळं आणखी वाढली की कमानी पडतील, आणि पडलेली कमान परत रचली तरी ती नवीच असते.

१८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं. समुद्रातल्या लुटारूपणाचा बंदोबस्त हे कारण पुढे केलं गेलं. गावातल्या एका भागाला आजही कॅम्प म्हणतात, तो इंग्रजी पलटणीच्या मुक्कामाचा मागमूस. त्यांच्यानंतर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर आले. त्यांच्या सेंट ल्यूक्स इस्पितळाने या सगळ्या टापूत मोठं काम केलं. तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत होता. मला ही गोष्ट फार आवडते, कारण वेंगुर्लं किती दूरपर्यंत जोडलेलं होतं ते तिच्यातून कळतं.

मग १८८८ साल आलं. गोव्यातल्या मुरगाव बंदरातून घाट चढून माथ्यावरच्या कॅसलरॉकला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा कापूस तिकडे वळला. बैलगाडीने वेंगुर्ल्याला माल पाठवण्यात अडत्यांना काही हशील उरलं नाही. शंभरेक वर्षांनी कोकण रेल्वे आली. १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाली तेव्हा तीही कुडाळ, सावंतवाडीवरून गेली, वेंगुर्ल्यात आलीच नाही. रेल्वेने या गावाला दोनदा बगल दिली. आता याच तालुक्यात परुळे-चिपीला विमानतळ झालाय, २०२१ मध्ये. त्याने गावाचं काय बदलेल ते पुढे दिसेल. मला मात्र वाटतं की आज वेंगुर्ल्यात जे बघण्यासारखं उरलंय ते या बगलेमुळेच. मोठा माल गेला आणि हाताने करायची कामं मागे राहिली.

बंदरावर संध्याकाळी गेले. पूर्वी मुंबईची आगबोट इथे लागायची, तिची वाट बघत अख्खं गाव धक्क्यावर जमायचं, असं म्हातारी माणसं सांगतात. आता होड्या असतात आणि फिरायला आलेली कुटुंबं. नवाबागला खाडीवर झुलता पूल केलाय, तिथे गर्दी जास्त. मी किनाऱ्यावर रापण बघायला थांबले. होडीतून जाळं अर्धगोलात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडून माणसं पाय रोवून ओढत राहतात. फार वेळ चालतं हे. जाळं आलं की मासळीचे वाटे पडतात, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. त्या दिवशी पेडव्यांखेरीज फारसं काही नव्हतं. पर्ससीनची मोठी जाळी लावणाऱ्यांनी नि रात्री एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांनी समुद्र साफ केला, ही तक्रार या किनाऱ्यावर कुणाही रापणकाराकडून ऐकायला मिळते. दोर ओढूनही टोपली भरत नाही म्हटल्यावर ती साधी कुरबूर राहत नाही.

याच धक्क्यावरून गावातली तरुण माणसं आगबोटीने भाऊच्या धक्क्याला जायची आणि तिथून लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत. वेंगुर्ल्याच्या घराघरांचा खर्च एके काळी गिरणीच्या पगारावर चालला. एका पडवीत एक आजोबा भेटले. गिरणीची गोष्ट काढली तसे सरसावून बसले. "पयली बदली, मगे साचे. चार साचे एकटो बघी होतंय," असं म्हणत त्यांनी दोन्ही हात असे फिरवले की तुटलेला धागा जोडताना बोटं कुठे जायची ते मला दिसलं. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असला तर आत जायचं. साचे म्हणजे माग. राहायला खोलीत पाळीपाळीने झोपणारी गाववाली माणसं, जेवायला खाणावळ, आणि महिन्याला घरी मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. थोडे दिवस थांबू म्हणून गावाला आलेले कितीतरी जण इथेच राहिले. आजोबाही त्यांतले. त्यांच्या पडवीचे खांब गिरणीच्या पैशाचे, पण पडवीपुढचं अंगण सारवलं ते त्यांच्या बायकोने आणि शेती राखली तीही तिनेच. गिरणगावाचा इतिहास मुंबईत लिहिला जातो. त्याची ही इकडची बाजू कुणीतरी बसून, माणसांना विचारून लिहायला हवी, आणि ती लवकर लिहायला हवी, कारण साचे चालवलेले हात आता थोडेच उरलेत.

दुसऱ्या दिवशी काजूच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. ओळखीतून सोय झाली होती म्हणून आत बसू दिलं. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, आणि आज सिंधुदुर्गातली कितीतरी घरं त्याच्यावर चालतात. फेब्रुवारी-मार्चपासून बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकायला लागतात, बी वेगळी करून वाळवतात. कारखान्यात ती वाफवतात, मग गार होऊ देतात, मग फोडणी. बायका बैठ्या यंत्रापुढे बसतात. एका हाताने बी पात्यांमध्ये धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल दुभंगलं की गर अख्खा बाहेर काढायचा.

"बाय, खंयसून इलंस?" माझ्या शेजारच्या मावशींनी हात न थांबवता विचारलं.

"बेळगावहून, मावशी. मी एक फोडून बघू?"

"आदी तेल लाव हाताक. चीक लागलो काय कातडी जाता."

टरफलातलं तेल खरंच भाजून काढतं. त्यांच्या बोटांची टोकं काळी पडून कडक झालेली. मी तेल चोपडून एक बी धरली तर गराच्या दोन पाकळ्या झाल्या. मावशी हसल्या नाहीत. माझा हात धरून बी पात्यात कशी आडवी ठेवायची ते त्यांनी दाखवलं. अख्ख्या गराला जो भाव मिळतो तो पाकळीला मिळत नाही, तुकड्याला त्याहून कमी. म्हणून या शेडमधलं खरं भांडवल म्हणजे त्यांच्या बोटांचा अंदाज. पुढे गर भट्टीत सुकवतात, लाल साल लहान सुरीने काढतात, मग प्रतवारी. १८०, २४०, ३२० हे आकडे आपण पाकिटावर वाचतो, ते एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचे. आकडा लहान तितका गर मोठा. ही निवड बायका डोळ्यांनी करतात आणि क्वचित चुकतात.

गावातलं फळ संशोधन केंद्र याच गोष्टीचं दुसरं अंग. १९५७ मध्ये ते सुरू झालं, आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कोकणात काजूची कलमं घ्यायला गेलं की माणूस सहज 'वेंगुर्ला चार' किंवा 'वेंगुर्ला सात' मागतो. त्या जाती इथल्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबाही इथलाच, १९८१ सालचा, आणि रत्ना-हापूसच्या संकरातून काढलेला, अगदी पातळ कोयीचा सिंधूसुद्धा. डच, इंग्रज, आगबोटी यांच्या काळात वेंगुर्ल्याचं नाव दूरवर पोचलं ते बंदरामुळे. आता ते रोपवाटिकेत पोचलंय, आणि मला हे जास्त मोलाचं वाटतं.

परतीच्या वाटेवर आरवली आणि शिरोडा केलं. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चामडी चपला वाहतात. भल्यामोठ्या, कारण देव रात्री गावभर राखण करत फिरतो नि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. देवळात केळ्यांचे घडही टांगलेले होते. शिरोड्याला मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. तिथली मिठागरं बघायला उन्हाळ्यातच जावं, पावसात तिथे पाण्याखेरीज काही नसतं. तिथून पुढे रेडी, यशवंतगड, आणि खाणीत काम चालू असताना १९७६ साली सापडलेली गणपतीची मूर्ती. रेडीला मी धावती भेट दिली, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च धरा. आंबोलीत धुकं नसतं, काजू फोडायला सुरुवात झालेली असते. कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनवर उतरलात तर तिथून एसटी आहे. वखारीत जाताना बूट घाला, झाडोऱ्यात काटे आहेत. काजू घ्यायचे ते गावातल्या लहान कारखान्यातून घ्या आणि पाकळी मागायला लाजू नका. चव तीच असते, भाव कमी पडतो, आणि त्या शेडमध्ये अख्ख्या गरासोबत पाकळीही कुणाच्या तरी हातानेच निघालेली असते.