बोटीच्या खिडक्या गळतायत, आणि चूक माझ्या स्क्रूड्रायव्हरची

आमची बोट 1979 सालची, 27 फुटी, अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला चेसापीकच्या खाडीत असते, मी आणि ऑफिसातला एक मित्र अशी दोघांत मिळून घेतलेली. घेताना शिडं बघितली, इंजिन बघितलं, खिडक्यांकडे कोण बघतंय! पहिल्या मोठ्या पावसात रात्री झोपलेलो असताना कानात टप्प करून पाणी पडलं तेव्हा कळलं.

मग मी हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमवालं सिलिकॉन आणलं, बाहेरून काचेच्या कडेनं फासलं आणि सगळे स्क्रू जीव खाऊन आवळले. दोन महिने बरं चाललं, ऑगस्टच्या वादळात परत तेच, उलट जास्तच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अरे वरून लिंपून गळती थांबते होय, आपल्याकडे कौलं चाळायची ती उगाच का? बरोबर होतं तिचं. आणि गावच्या घरासारखंच इथंही पाणी शिरतं एकीकडे आणि ठिबकतं भलतीकडेच.

म्हणून या वेळी आधी शोध घेतला. आतून प्रत्येक स्क्रूखाली टिश्यू पेपरचे तुकडे चिकटवले, मित्र बाहेर नळी घेऊन उभा, पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं, म्हणजे पहिला कुठला कागद भिजला ते कळतं. वरून धबधबा सोडला तर सगळेच भिजतात आणि हाती काही लागत नाही.

काच काढल्यावर खरा प्रकार दिसला. काच म्हणजे अ‍ॅक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिक, आणि ते उन्हाथंडीनं फुगतं-आकसतं, बोटीच्या फायबरग्लासच्या साधारण तिप्पट. आमची खिडकी 90 सेंमी लांब, शून्य ते 40 डिग्री धरलं तर अडीच मिमीच्या आसपास फरक पडतो. आता काच आणि बोटीच्या मधलं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट थर, कागदाइतकं पातळ असेल तर ते एवढं ताणणार कुठून, सुटणारच, आणि ते पातळ मीच केलं होतं स्क्रू आवळून आवळून. भोकंही स्क्रूच्या मापाची, त्यामुळे काचेला हलायला जागाच नाही आणि प्रत्येक भोकाभोवती केसांसारख्या चिरा. आतलं प्लायवूड खालच्या कोपऱ्यात काळं पडलेलं, बोटानं दाबलं तर मऊ लागत होतं.

सगळ्यात वैताग म्हणजे जुनं सिलिकॉन काढणं. त्याचा नुसता डोळ्याला न दिसणारा थर राहिला तरी त्यावर नवीन काही धड चिकटत नाही, आणि सिलिकॉनचे थर तर दोन, आधीच्या मालकाचे आणि माझे. ब्लेडनं खरवडा, सँडपेपर मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, परत खरवडा. तीन खिडक्यांना तीन शनिवार गेले. अ‍ॅसिटोन फायबरग्लासला चालतं पण अ‍ॅक्रिलिकला लावू नका, चिरा पडतात, मी एका तुकड्यावर करून बघितलंय.

बाकीचं काम सोपं. कुजकं प्लायवूड कापून नवीन तुकडा बसवला, जुनी भोकं इपॉक्सीनं बुजवली. जुनी काच नमुना म्हणून देऊन 6 मिमी जाडीच्या धुरकट रंगाच्या नव्या कापून आणल्या. स्क्रूला रामराम. आतल्या कडेनं व्हीएचबी ही दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोमची टेप, ती काच धरूनही ठेवते आणि मधली फट ठरलेल्या जाडीची ठेवते, आणि बाहेरची मोकळी राहिलेली खाच डाउ 795 या सीलंटनं भरून काढायची. टेपला काच एकदा टेकली की सरकवता येत नाही, तेव्हा आधी कोरडी लावून खुणा करून घ्या. एक आमची थोडी तिरकी बसलीय, कुठली ते सांगणार नाही. आणि मास्किंग टेप सीलंटवर साय धरायच्या आत ओढायची, मी चहा प्यायला गेलो आणि एका कडेची पार वाट लागली.

त्यानंतर दोनदा धो धो पाऊस झाला, कागद कोरडे ठणठणीत.

चौथी खिडकी राहिलीय, किचनच्या वरची. ती गळत नाहीये म्हणून मित्र म्हणतो हात लावू नकोस, मी म्हणतो तिच्यातही माझंच सिलिकॉन आहे रे बाबा. सध्या भांडण चालू आहे आणि सीलंटची अर्धी नळी डब्यात सुकतेय.