आमची वाटचाल : बटण दाबलं, पण किती जोराने?

साधा माऊस संगणकाला एवढंच कळवतो : बटण दाबलं किंवा सोडलं. किती जोराने, हे त्याला ठाऊकच नसतं. पेन-टॅब्लेटवर चित्र काढणाऱ्यांना जोरानुसार रेघ जाड-बारीक करण्याची सोय फार आधीपासून मिळते. पण ज्यांचा हात माऊसवरच बसलाय त्यांनाही ती मिळावी, एवढ्याच ध्यासाने आम्ही दोघांनी कंपनी सुरू केली. सर्किट मी बघायचो, ड्रायव्हर, म्हणजे माऊसचं म्हणणं संगणकाला समजावणारा प्रोग्राम, भागीदार लिहायचा.

पहिल्या नमुन्यात डाव्या बटणाखाली दाबानुसार विजेचा रोध बदलणारी पातळ फिल्म बसवली. स्वस्त आणि लावायला सोपी. पडद्यावर रेघ जाड-बारीक होताना पाहिली त्या रात्री झोप लागली नाही. पण बोट तसंच दाबून धरलं, की जोर न वाढवताही रेघ हळूहळू फुगायची. त्यात दाब वाढवताना एक आकडा यायचा, कमी करताना दुसरा. फिल्मचा तो स्वभावच आहे. ड्रायव्हरमध्ये कितीही ठिगळं लावली तरी तो पुरता झाकला जात नाही, हे पटायला आम्हाला फार वेळ लागला.

मग स्ट्रेन गेजकडे, म्हणजे धातू किती लवला ते मोजणाऱ्या सेन्सरकडे, वळलो. 1992 च्या थिंकपॅड लॅपटॉपच्या कीबोर्डमधल्या, बाण हलवणाऱ्या लाल ट्रॅकपॉइंटला आणि 2015 साली आलेल्या ॲपलच्या फोर्स टच ट्रॅकपॅडला बोटाचा जोर याच मार्गाने कळतो. धातूची पट्टी किंचित लवते आणि तिला चिकटवलेल्या गेजचा रोध अगदी नावापुरता बदलतो. तो पकडायला व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे रोधातला बारीक फरक दाखवणारं सर्किट, आणि चांगला ॲम्प्लिफायर लागतो. हाताच्या उबेनेही शून्य, म्हणजे दाब नसतानाचा आकडा, सरकतं, म्हणून हात उचलला की आमचा माऊस दर वेळी शून्य नव्याने ठरवतो.

खरी अडचण पुढेच होती. वरून जोर दिला की माऊस टेबलावर रुतायचा, घर्षण वाढायचं आणि रेघ अडखळायची. शेवटी सेन्सर बटणाखालून काढून अंगठ्याच्या बाजूला नेला. अंगठा आणि करंगळीकडची बोटं समोरासमोर दाबतात, त्यामुळे टेबलावर जास्तीचा भार येत नाही. आमच्या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच बदल.

तरीही ब्राउझरमधल्या चित्रात रेघ कायम एकाच जाडीची. माऊस, पेन किंवा बोटाची हालचाल ब्राउझरला कशी कळवायची ते ठरवणाऱ्या पॉइंटर इव्हेंट्सच्या नियमात दाब 0 ते 1 असा मोजतात आणि साध्या माऊसचं बटण दाबलेलं असताना तो 0.5 धरतात. संगणक आम्हाला माऊसच समजत होता! चित्र काढताना आपलं यंत्र 'पेन' म्हणून ओळख देईल, असं फर्मवेअर, म्हणजे माऊसच्या आतला प्रोग्राम, भागीदाराने नव्याने लिहिलं.

गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, दाबाच्या पातळ्या किती? माझ्या मते तो आकडा दुय्यम. रेघ किती हलक्या स्पर्शाला उमटायला लागते, ते आधी बघावं. सांधेदुखी असलेल्या एका चित्रकार बाईंमुळे हे मला उमगलं. आमचा नेहमीचा हलका दाबसुद्धा त्यांच्या अंगठ्याला सोसवत नव्हता. तेव्हापासून माऊस जोडल्यावर पडद्यावर दोनच सूचना येतात : हळू दाबा, मग सोसेल तितकं जोरात दाबा. बाकीचं गणित माऊस त्या दोन दाबांच्या मध्ये बसवतो.