रवाना, परत

३० सप्टेंबर, रात्र

आज कपाटाचा खालचा खण उघडला. आण्णांना जाऊन आठ महिने झाले, पण आई त्याला हात लावू देत नव्हती. आज तीच म्हणाली, "बघ बाई काय काय आहे ते, वाळवी लागायच्या आत." तारीख तिच्या लक्षात होती की नाही, मी विचारलं नाही.

आत ब्रासोची अर्धी डबी, बक्कल नंबरची जुनी पितळी पट्टी, शिट्टी आणि एकोणीस खिशातल्या डायऱ्या. खताच्या दुकानातून नाहीतर बँकेतून फुकट मिळालेल्या.

आण्णा पोलीस शिपाई म्हणून लागले आणि ५८ व्या वर्षी सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. पेपरात कधी नाव आलं नाही. घरी मात्र ते कायमचे ठाणे अंमलदार. एकदा दादानं चेंडूनं शेजारची काच फोडली, तर रीतसर पंचनामा झाला. पूर्वेस हौद, पश्चिमेस शेजाऱ्यांची भिंत, मध्ये काचेचे लहानमोठे तुकडे. पंच म्हणून आजीचा अंगठा आणि आईची सही. चेंडू जप्त. आठ दिवसांनी मुद्देमाल पावतीवर परत मिळाला, तेव्हा दादाला सही करता येत नव्हती म्हणून त्याचाही अंगठाच घेतला.

डायरीही तशीच, पोलीस ठाण्यातल्या स्टेशन डायरीच्या थाटात. '०६.१० दूध आणले. ०७.०० रवाना. २१.१५ परत.' मला बघायला आले त्या दिवशी: 'पाहुणे हजर ११.३०. गेले १४.००. मुलगा बरा.' बरा याच्या वर आण्णांकडे शब्दच नव्हता, हे नवऱ्याला पटायला फार वर्षं लागली. रिटायर झाल्यावर रवाना-परत थांबलं असेल असं वाटलं होतं. कुठलं काय! स्वतः कुठं जायचे नाहीत, मग बाकीच्यांचं लिहायला लागले. '०८.०५ नातू शाळेस रवाना. १३.३० परत.' आणि दर रविवारी, 'मुलीचा फोन २०.१०. ४ मिनिटे.' कधी तीन. एका रविवारी नुसतीच रेघ आहे. तो रविवार मला आठवत नाही, आणि तेच टोचतंय.

मग १९९३ ची हातात आली.

तेव्हा आम्ही औशाच्या पोलीस लाईनीत राहायचो. मी सहा वर्षांची. गणपतीचे दहा दिवस आण्णा घरात दिसायचेच नाहीत, आमच्या गणपतीला पाण्यावर नेणार काका. त्या वर्षी विसर्जनाच्या रात्री उशिरा आले, ओले बूट दारात काढले, मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसले. डायरीत ३० सप्टेंबरच्या पानावर आहे: '०२.४० परत.' खाली, '०४.०० भूकंप. ०४.३० रवाना.'

मला आठवतं ते मांडणीवरून पातेली पडल्याचं. आणि लाईनीपुढच्या मैदानात अंधारात आण्णांनी आमची डोकी मोजल्याचं, परेडला मोजतात तशी, मोठ्यानं. आकडा जुळला. तेच ओले बूट पुन्हा पायात घातले आणि गाडीत चढून गेले. किल्लारीचं नाव मी पहिल्यांदा त्या सकाळी ऐकलं.

पुढची पानं कोरी आहेत. त्या दिवसांबद्दल ते आमच्यासमोर एकदाच बोलले, २००१ मध्ये लातूरला घर बांधताना, तेही गवंड्याशी. तो म्हणाला, साहेब, एवढं लोखंड कशाला, भिंती जाड घेऊ की. आण्णा एकदम तापले. "जाड भिंतींचं मला सांगू नको. दोन-दोन हात दगड-मातीच्या होत्या, वर मातीचं माळवद. दगड हातानं निघत होता. माती निघत नव्हती." दारं-खिडक्यांवरचा लिंटेलचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरेपर्यंत ते उन्हात खुर्ची टाकून बसून होते. किल्लारी आणि आसपासच्या गावांतली मेलेली माणसं दहा हजारांच्या घरात. त्यातली किती आण्णांच्या हातांखालून गेली, कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी वेळ तेवढी सांगितली असती.

कोऱ्या पानांनंतरची नोंद ५ ऑक्टोबरची. '११.२० परत. आंघोळ. लहानीला ताप. लेकराजवळ गेलो नाही.'

हे पान मी आईला वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "दोनदा आंघोळ केली होती त्यांनी. तरी आपलं हात धुवायचं, वास घ्यायचा, पुन्हा धुवायचं. तू आण्णा आण्णा करत होतीस. तंबूबाहेर बसून राहिले. दवाखान्यात मीच नेलं तुला." मला त्यातलं काही आठवत नाही, तापसुद्धा.

ठाण्याच्या डायरीत जे घडलं ते लिहायचं असतं. एकोणीस डायऱ्या उलटून पाहिल्या. न घडलेल्या गोष्टीची शब्दांतली नोंद ही एवढीच सापडली.

खण पुन्हा बंद झालाय, किल्ली आईच्या कनवटीला. पट्टी मी ब्रासोनं घासून ठेवली, हाताचा वास अजून गेला नाही. शिट्टी तेवढी पोरानं पळवली. साडेदहा वाजून गेलेत आणि खाली अंगणात ती वाजतेय. शेजारी बोंब मारायच्या आत जाऊन जप्त करायला हवी.