आरक्षण टाकणे स्वस्त, पाळणे महाग

विकास आराखड्यावर हिरव्या रंगात उद्यान दाखवायला, म्हणजे कुणाची तरी जमीन त्यासाठी आरक्षित करायला, नगरपरिषदेला काहीच खर्च पडत नाही. पैसे मोजावे लागतात ते पुढे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस बजावू शकतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नोटिशीवर आवकचा शिक्का बसताच मुदत धावू लागते. फाइल मात्र नगररचना आणि लेखा विभागांत येरझाऱ्या घालते. त्यातच २०१३ च्या भूसंपादन कायद्यामुळे मोबदल्याइतकीच दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई, वर द्यावी लागते. झेपणार नाहीत इतकी आरक्षणे मुळात टाकलीच का, हे सभागृहात क्वचितच विचारले जाते.