निवटी आपली पणजी नव्हे

आज ओहोटीला कांदळवनाच्या कडेला चिखलात निवट्या उड्या मारताना दिसल्या आणि नेहमीचा वाद निघाला. एक म्हणतो, देवानेच अशी घडवली. दुसरा म्हणतो, हीच आपली पूर्वज. (दुसऱ्याचंच जास्त चुकतं.)

निवटी छातीच्या परांवर रेटत सरकते, कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरते, ओल्या कातडीतून श्वास घेते. कातडी सुकली की संपलं, म्हणून मधेच लोळून घेते. पण ती गोबी नावाच्या माशांच्या गटातली, आजचीच मासळी. फार लांबची चुलत बहीण म्हणा.

दशावतारात मत्स्यानंतर कूर्म येतो हा दाखलाही निघालाच. ऐकायला छान, पण कुठला खडक फोडायचा ते त्यातून कळत नाही. टिकटालिक या जीवाश्म माशाचं तसं नाही. साधारण ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत तोवर मासेच सापडले होते, ३६.५ कोटींच्या थरांत चार पायांचे प्राणी. म्हणून मधल्या काळातला नदीचा गाळ निवडून कॅनडातल्या एल्समिअर बेटावर शोधलं. २००४ मध्ये सापडला: अंगावर खवले, पण मान मोकळी, परांमध्ये मनगटासारखी हाडं. २०१० मध्ये पोलंडमधले चार पायांच्या प्राण्यांचे त्याहून जुने पाऊलठसे जाहीर झाले, तेव्हा तोही थेट पणजोबा नसावा.